कळेचं माप

नेवाशात आमचे कपडे शिवणारे शिंपी मणक्याची चकती सरकल्यापासून उभ्यानंच काम करतात. मशीन त्यांनी विटांवर चढवलंय. नगरचे डॉक्टर म्हणतात, ऑपरेशन करा. पुण्याचे म्हणतात, व्यायाम करा. गिऱ्हाइकं तिसरंच काही सुचवतात. ते सगळ्यांना "व्हय, व्हय" म्हणतात आणि कात्री चालवत राहतात.

परवा मी सदरा शिवायला टाकायला गेलो, तर ते भिंतीलगतच्या स्टुलावर डबा खात बसलेले. मला पाहून उठायला लागले आणि अर्ध्यातच थिजले. मी धावलो.

"धरू नगा!" त्यांनी कानावरचा खडू काढला आणि खांद्याच्या रेषेत भिंतीवर रेघ ओढली. तिथं तशा कितीतरी रेघा होत्या.

"कळ कुठवर उठू देती, ते बघतो. रेघा वर सरकत्यात तवर व्यायाम. खाली याय लागल्या, की ऑपरेशन."

सावकाश ताठ होऊन त्यांनी गळ्यातली टेप भिंतीला लावली. "कालच्यापरीस अर्धा इंच वर हाय."

कुणा दुसऱ्याच्या कापडाचं सांगावं तसा आवाज.

मग तीच टेप माझ्या पाठीवर आली. "सरळ उभे ऱ्हा की. पोक काढल्यावर माप कसं घ्यायचं?"