डावी बाजू अरुंद

आई बेंगळुरूत बनशंकरीला माझ्याकडे राहायला आली, तेव्हा तिनं शेजाऱ्यांना माझी ओळख एका वाक्यात करून दिली. "डॉक्टर आहे, पण तपासत नाही."

यात खोटं काही नव्हतं. मी वैद्यकीय महाविद्यालयात शरीररचना शिकवते. माझ्या टेबलावर कवट्या असतात, त्यांची झाकणं निघतात, आणि आतल्या हाडावर रक्तवाहिन्यांनी पाडलेल्या खाचा मी पहिल्या वर्षाच्या मुलांना दाखवते. आई निपाणीकडच्या एका मराठी शाळेत मुख्याध्यापिका होती. तिच्या लेखी डॉक्टर म्हणजे जो जीभ बाहेर काढायला सांगतो तो. मी आजवर कुणालाच तसं सांगितलेलं नव्हतं.

इथं आल्यावर थोड्या महिन्यांनी तिचं डोकं दुखायला लागलं. आधी तिनं रस्त्यावरच्या हॉर्नना दोष दिला, मग माझ्या स्वयंपाकाला. समोरच्या घरातल्या अक्कांनी मात्र उपाय दिला. अक्कांचं घराणं इतक्या पिढ्या बेंगळुरूत आहे की त्यांच्या मराठीत कन्नड कुठं सुरू होतं ते त्यांनाही कळत नाही. "स्वल्प दुखलं की ही एक गोळी घ्यायची बाई," त्या म्हणाल्या. "मी घेते की." आईनं घेतली, बरं वाटलं, म्हणून ती रोज घेऊ लागली.

तरी दुखणं थांबेना. या वयात नवी डोकेदुखी म्हणून फिजिशियननं एमआरआय करायला सांगितला, आणि त्यातच मेंदूतून रक्त परत नेणाऱ्या शिरांचंही चित्र काढायला लावलं. रिपोर्ट मोबाइलवर आला आणि आईनं माझ्याआधी उघडला. सगळं नॉर्मल होतं. शेवटच्या ओळीत तेवढं लिहिलं होतं की डावा ट्रान्सव्हर्स सायनस हायपोप्लास्टिक आहे.

"म्हणजे काय?" तिनं विचारलं.

मला मनातून जरा बरंच वाटलं. घरात पहिल्यांदाच कुणीतरी माझ्या विषयातलं काहीतरी विचारत होतं.

"काही नाही गं. डावी बाजू जन्मापासूनच अरुंद आहे. पुष्कळांची असते. रक्त उजवीकडून जातं."

"काही नाही, तर लिहिलं कशाला?"

"दिसलं म्हणून."

"मी दिसलं ते सगळं प्रगतिपुस्तकात लिहीत नव्हते. पण सायनस तर नाकाचा असतो ना?"

"तो वेगळा. हा मेंदूतलं अशुद्ध रक्त नेतो."

"मग नीला म्हण की सरळ. आम्ही शिकवलंय ते."

इथं मी गप्प बसायला हवं होतं. पण शिकवायची सवय वाईट. "नीलाच, पण अगदी नीला नव्हे," मी म्हटलं. "मेंदूवरच्या जाड आवरणाच्या दोन थरांमधली ती पोकळी असते. तिला इतर शिरांसारखी स्नायूची भिंत नसते. झडपाही नसतात."

आईनं चष्मा काढून टेबलावर ठेवला. "भिंत नाही, झडपा नाहीत, वर डावीकडं अरुंद. आणि तू म्हणतेस काही नाही."

दुसऱ्या दिवशी मी कॉलेजातून परतले तर घरभर निलगिरीचा वास. आई डोक्यावर टॉवेल घेऊन पातेल्यावर वाकलेली आणि शेजारी अक्का उभ्या. सायनस म्हटलं की वाफ, हा अक्कांचा सिद्धांत होता. मी सांगितलं की ही वाफ तिथवर पोचत नाही, मध्ये हाड आहे.

"सरी, बरोबर," अक्का शांतपणे म्हणाल्या, "पण डोकं एकच की."

यावर शरीररचनाशास्त्रात उत्तर नाही. हायपोप्लास्टिकमधलं प्लास्टिक त्यांनी ऐकलं होतं, त्यामुळे आईचा डबाही तोवर स्टीलचा झाला होता. आई आता उजव्या कुशीवरच झोपे, म्हणजे रक्ताला त्या बाजूनं उतार मिळावा. मी तेही चूक आहे म्हटलं. तिनं ऐकून घेतलं आणि उजव्या कुशीला वळली.

शेवटी मी तिला मेंदूच्या डॉक्टरांकडे नेलं. ते खोलीत आले आणि मी ओळखलं. माझाच विद्यार्थी. तोंडी परीक्षेत मी त्याला विचारलं होतं, मेंदूतल्या मोठ्या शिरेतलं रक्त पुढे कुठं जातं? बराच वेळ विचार करून तो म्हणाला होता, "हृदयात, मॅडम." ते चूक नव्हतं, फक्त मधलं सगळं राहिलं होतं. मी पास केलं होतं.

त्यानं मला ओळखलं नाही. हातात फाइल आणि खांद्यावर पिशवी असली की माणूस नातेवाईक दिसतो. "मॅडम, तुम्ही जरा मागं बसा," तो म्हणाला. "मी अम्मांशीच बोलतो."

तो कन्नडमध्ये बोलत होता, आणि आईला कन्नड उत्तम येतं. त्यानं तिला तपासलं, डोळ्यांच्या आत दिव्यानं पाहिलं. मग कागद ओढून चित्र काढायला लागला. आधी एक विळ्यासारखी वाकडी रेघ, दोन अर्धमेंदूंमधला पडदा. त्याच्या वरच्या कडेनं मागं जाणारी शीर. मागं एक संगम आणि तिथून दोन फाटे. मी मान उंच करून पाहत होते. चित्र माझं होतं. विळ्यापासून सुरुवात करायची आणि मधे येतो म्हणून मेंदू काढायचाच नाही, ही माझी फळ्यावरची पद्धत. फक्त मी दोन्ही फाटे सारखे काढत आले, फळा छान दिसतो म्हणून. यानं उजवा जाड काढला आणि डावा दोऱ्यासारखा.

"अम्मा, ही तुमची उजवी वाट मोठी, डावी लहान. जन्मापासून. इतकी वर्षं काही अडलं?"

"नाही."

"मग आता का अडेल?"

आईनं मान डोलावली. मग त्यानं गोळ्यांची चौकशी केली. रोज घेते, कधी दोनदा, असं तिनं सांगितल्यावर त्यानं पेन खाली ठेवलं. ही गोळी रोज घेत राहिलं तर गोळीच डोकं दुखवते, बंद करा, सुरुवातीला जास्त दुखेल, असं तो म्हणाला. माझा याच्याशी संबंध नव्हता. गोळ्या हा आमच्याकडे दुसरा विभाग.

रिक्षात आई खुशीत होती. "किती सोपं करून सांगितलं. तू नुसत्या भिंती आणि झडपा. याला कुणीतरी चांगलं शिकवलेलं आहे."

"हो," मी म्हटलं.

"तूही मुलांना अशी चित्रं काढून दाखवत जा."

"दाखवते."

"अशीच?"

"साधारण अशीच."

ती माझ्याकडे वळली. "मग घरी का नाही काढलंस?"

मी फाइल पिशवीत घातली. रिक्षावाल्यानं कुठं वळायचं विचारलं, ते तिनंच त्याला सांगितलं.

गोळी बंद झाल्यावरचे दिवस कठीण गेले. आई कपाळावर ओला रुमाल ठेवून पडून राही आणि कुणाशी बोलत नसे. हळूहळू दुखणं उतरलं. अक्कांनी श्रेय वाफेला दिलं. आईनं ते खोडून काढलं नाही. संध्याकाळी फिरायला तिला अक्कांचीच सोबत होती.

एका रविवारी ती डॉक्टरांचा कागद घेऊन माझ्यापुढं आली. "त्यानं इथं थांबवलंय. पुढं कुठं जातं?"

मी कोरा कागद घेतला. कानाच्या मागे इंग्रजी एससारखं वळण, कवटीच्या तळातलं भोक, आणि तिथून मानेत. तिनं कानामागं बोट ठेवून पाहिलं. "इथं?"

"इथंच, आतून."

तिनं कागद हातभर लांब धरून तपासला. "आकृती बरी आहे," ती म्हणाली. "पण नावं सगळी उजव्या बाजूला पाहिजेत आणि रेघा पट्टीनं. परत काढ."

मी पट्टी शोधायला उठले.