डावीकडचा क्लच

हे मी बायकोला सांगितलेलं नाही, म्हणजे कुणालाच सांगितलेलं नाही. टपरीवर चहा घेता घेता माणूस मित्रांपुढे काय काय ओकत नाही? मीही ओकलो. पण हे नाही. अकरा वर्षं झाली. तुमची माझी ओळख नाही, म्हणून असेल, जीभ थोडी सैल होते आहे. तरी आधी माझ्या कामाचं सांगतो. एकदम मुद्द्यावर यायची हिंमत नाही, हे तुमच्या लक्षात आलंच असेल.

मी लातूरला ड्रायव्हिंग स्कूलमध्ये गाडी शिकवतो. शिकणारा स्टेअरिंगवर, मी त्याच्या डावीकडे. आमच्या गाडीत माझ्या पायाशीही एक क्लच आणि एक ब्रेक असतो. दोन्हीकडचे क्लच एकमेकांना जोडलेले. मी माझा दाबला की शिकणाऱ्याच्या पायाखालचाही खाली जातो. औसा रोडला समोर म्हैस आली आणि नवशिक्याने डोळे मिटले, तर याच पॅडलांनी आम्ही दोघं वाचतो, आणि म्हैसही.

लायसनच्या टेस्टच्या दिवशीही ही पॅडलं चालतात — लाजेची गोष्ट आहे, पण आमच्यातल्या कुणालाच नवी नाही. आरटीओचे साहेब बाहेर उभे असतात. त्यांना गाडी दिसते, माझे पाय दिसत नाहीत. मैदानाच्या टोकाला एक चढ आहे. तिथे गाडी थांबवायची आणि तसूभरही मागे न जाऊ देता पुन्हा वर काढायची. निम्मे लोक तिथेच घामाघूम होतात. मग मी हळूच माझा ब्रेक धरून ठेवतो, त्यांचा हाफ क्लच जमला, म्हणजे अर्ध्या सोडलेल्या क्लचवर इंजिनाने गाडी तोलून धरली, की सोडतो. माणूस पास होतो आणि पेढे वाटत फिरतो. औशाचे एक मुख्याध्यापक असेच माझ्या पायांवर पास झाले, ते अजून मला वाहतुकीच्या नियमांवर भाषण देतात. मी ऐकून घेतो.

या पायांनी पुष्कळांना पास केलं. नापास फक्त एकीला केलं.

शोभा, माझी बायको. आमची प्रांजल दुसरीत गेली आणि शोभाने गाडी शिकायचं मनावर घेतलं. मला कौतुक वाटलं — खरंच वाटलं, सुरुवातीला तरी. सकाळी बॅचच्या आधी मी तिला घेऊन जायचो. दुपारी ती घरी खुर्चीवर बसून पायाखाली माझ्या जुन्या चपला ठेवायची. डावी क्लच, उजवी ॲक्सिलेटर. एक हळूहळू सोडायची, दुसरी हळूहळू दाबायची. प्रांजल मागे स्टुलावर बसून कंडक्टर व्हायची आणि औसा, निलंगा ओरडायची. वीस दिवसांत शोभा खाली न बघता गिअर टाकायला लागली. मला गाडी यायला तीन वर्षं लागली होती, तीही उस्तादाच्या शिव्या खात. हे मला आठवायला नको होतं, पण रोज आठवायचं.

एकदा स्कूलचे मालक पाशाभाई मागच्या सीटवर बसून औशापर्यंत आले. उतरताना म्हणाले, "हिचा पाय लई मऊ हाय बघ. लायसन निघू दे, पुढं बायकांची बॅच हिच्याकडंच देऊ. तू शिकवलास, पर अशी गाडी तुला बी येत न्हाई." शोभा लाजली. आम्ही तिघंही हसलो. सगळ्यात मोठ्याने मी हसलो.

त्या दिवसापासून तिचा तो मऊ पाय मला बघवेना. मत्सर म्हणतात त्याला, दुसरं नाव नाही. बायकोचा मत्सर! माझ्याच हाताखाली शिकलेल्या बाईचा! तिला मी आणखी शिकवत राहिलो, डब्यात तिनं दिलेलं खात राहिलो, आणि मनात वाट बघत राहिलो की ती कुठेतरी चुकेल. ती चुकली नाही.

टेस्टच्या दिवशी तिने गाडीने आठाचा आकडा काढला, रिव्हर्स घेतला, कुठेही गाडी घासली नाही. मी नुसता बसून. मग चढ. तिने गाडी थांबवली, हँडब्रेक ओढला, क्लच सोडत सोडत इंजिनाचा आवाज ऐकला आणि नेमक्या जागी पाय थांबवला. हँडब्रेक सोडला. गाडी जागची हलली नाही. इतका स्वच्छ हाफ क्लच मी मैदानावर क्वचित पाहिला आहे. आता वर जायचं, एवढंच राहिलं होतं. आणि माझा पाय क्लचवर गेला.

गेला म्हणतोय मी — बघा, अजूनही. गेला नाही. मी नेला. दाबला.

गाडी मागे घसरली. हातभर, दोन हात. मग मीच ब्रेक दाबून ती थांबवली, म्हणजे वाचवणाराही मीच झालो. साहेबांनी दुरूनच हात हलवला. नापास. शोभा रडली नाही. ती मान खाली घालून आपल्या पायांकडे बघत राहिली.

इथवर ऐकून तुम्हाला वाटेल, हाच तो गुन्हा. मलाही बरीच वर्षं तसंच वाटायचं. पण खरा गुन्हा घरी येताना झाला. ती म्हणाली, "मी तर पाय वर घ्यायले होते वो. क्लच आपोआप खाली गेला." तिला बरोबर कळलं होतं! तिच्या पायाने तिला खरं तेच सांगितलं होतं. आणि मी, तिचा नवरा, तिचा मास्तर, समोर रस्त्याकडे बघत म्हणालो, "घाबरल्यावर आसंच वाटतंय. पाय आपलाच दाबतो, आपल्याला कळत न्हाई."

तिने दुसऱ्यांदा विचारलं नाही. माझ्यावर विश्वास होता ना.

सात दिवसांनी पुन्हा टेस्ट देता येते. मी एकदा म्हणालो, दे की. कशा सुरात म्हणालो ते मलाच माहीत. ती नको म्हणाली. पुढे मी त्याचा किस्सा केला. नांदेडच्या पाहुण्यांत, हळदीत, बारशात — आमच्या हिनं साहेबाच्या अंगावर गाडी उलटी पाठवली म्हणून सांगायचो. लोक हसायचे, तीही हसायची. पण घरात ती गॅस बंद केला की दोनदा जाऊन बघायला लागली. कुलूप लावलं की ओढून बघायची, दहा पावलं जाऊन परत यायची. एकदा मी चिडलो तर म्हणाली, मला वाटतंय लावलं, पण माझ्या वाटण्याचं काय खरं. हे खूळ कुणी लावलं ते मला माहीत होतं, आणि तरी मी चिडलो होतो.

तीन वर्षांपूर्वी मी एका लग्नाला नांदेडला गेलो होतो, एसटीने. आमची जुनी गाडी दारात उभी होती. सकाळी दहाला शोभाच्या माहेराहून फोन आला. शिरूर अनंतपाळच्या पुढे तिचं गाव आहे. वडील सिरियस होते. ती बसने निघाली, मग जीप, मग पायी. सासरे बारापर्यंत बोलत होते, पोरगी कुठवर आली म्हणून विचारत होते. ती अडीचला पोचली. तोवर त्यांची वाचा गेली होती. आठ दिवसांनी ते गेले.

दिवस झाल्यावर ती मला म्हणाली, "चावी घेऊन गाडीत बसले बी होते. क्लचवर पाय ठिवला अन् उतरले. वाटलं, वाटंत कुणाला तरी मारीन." मी तिच्या पाठीवर हात ठेवला. त्याच वेळी सांगायला हवं होतं की नाही? तोंड उघडलं होतं मी. पाणी मागितलं.

आता प्रांजलला अठरा पूर्ण झाली. लर्निंग निघालं. येत्या सोमवारी तिची टेस्ट आहे. गेला महिना मीच तिला शिकवतोय. पोरगी अगदी आईवर गेली आहे, तिला माझ्या पायांची गरज लागणार नाही. हे मी घरी बोललो नाही. काल सकाळी शोभा चुलीपाशी — चूल कसली, गॅसच — भाकरी टाकत होती. हात थांबवून म्हणाली, "टेस्टला तिच्या बाजूला तुमीच बसा. माझ्या पायाचं तिच्यात आलं असलं तर तुमी सांभाळून घेताल. तुमी असल्यावर मला घोर न्हाई."

मी हाव म्हणालो. तिने तव्यावरची भाकरी उलटली आणि पहिली माझ्याच ताटात वाढली.