ट्रंकेतले राजाराणी

आमचे घरमालक तिरुमलराव यांच्याइतका चिक्कू माणूस अख्ख्या चामराजपुरममध्ये सापडायचा नाही. परसातल्या झाडावर पेरू किती, हे त्यांना तोंडपाठ. आम्ही नाशिकहून येऊन वरच्या मजल्यावर राहू लागलो त्याच आठवड्यात एक पेरू कमी भरला, तेव्हा ते जिना चढून चौकशीला आले होते. तो माकडाने नेला होता. बहुतेक.

दसऱ्यात इथे घरोघरी पायऱ्यांवर बाहुल्या मांडतात. सगळ्यांत वर बसतात रक्तचंदनाचे राजाराणी, आणि ही जोडी मुलीला लग्नात माहेरहून मिळते. संध्याकाळी पोरं "गोंबे कूरिसिद्दीरा?" म्हणजे बाहुल्या मांडल्यात का, असं विचारत दारोदार फिरतात आणि खाऊ घेऊन जातात. रावांच्या फाटकाला मात्र नऊही दिवस कुलूप.

पत्नी जयलक्ष्मी गेल्या तेव्हा रावांनी घरची जोडी ट्रंकेत घातली. वर्षभराने मुलीचं, पावनीचं लग्न झालं, तेव्हाही बाहेर काढली नाही. एवढी जुनी चीज, पोरीच्या हातून तुटली तर, म्हणाले. पावनी राहते विजयनगरला, याच गावात. पण त्या दिवसापासून तिने माहेरचा उंबरठा ओलांडला नाही. नात इरा सहा वर्षांची झाली, तीही रावांनी फोटोतच पाहिलेली.

आणि यंदा एका हॉटेलवाल्याने शोभेसाठी जुनी जोडी भाड्याने मागितली, तर राव लगेच तयार! माझं डोकंच फिरलं. तरी त्यांनी हाक मारली म्हणून ट्रंक काढताना स्टूल धरायला गेले.

"स्वल्प, जरा घट्ट धरा हो अम्मा," ते वरून म्हणाले.

ट्रंक उघडली. राजा ठणठणीत होता. राणीही. पण राणीच्या जरीच्या साडीला रावांनी बोट लावलं आणि घडीघडीवर तिचा चुरा होऊन खाली पडला. राणीला दर वर्षी नवी साडी नेसवायची, जुनी उन्हात घालायची, अशी रीत. इथे आठ वर्षं ट्रंकेचं झाकणही उघडलं नव्हतं.

रावांनी तो चुरा बोटांनी गोळा केला.

"आमच्या हिने स्वतःच्या लग्नाचा शालू कापून शिवली होती," ते म्हणाले. "दुखण्यात. पावनीला द्यायची म्हणून. मी सुम्मने, उगाच धरून बसलो."

माझा राग कुठल्या कुठे गेला. मलाच रडू आलं.

त्यांनी हॉटेलवाल्याला फोन लावला. "आगोदिल्ल," जमणार नाही, एवढंच सांगून ठेवला. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुम्ही येता का हो? मी एकटा गेलो तर ती दार उघडेल की नाही, कोण जाणे."

रिक्षात ते काय बोलायचं याची उजळणी करत होते. माफी, आईची आठवण, सगळं ओळीने बसवलं. पावनीने दार उघडलं आणि त्यातलं अक्षर आठवेना. राजाराणीचं गाठोडं छातीशी धरून हा सत्तरीचा माणूस पायपुसण्यावर उभा राहिला आणि कसाबसा म्हणाला, "गोंबे कूरिसिद्दीरा?"

पावनीने गाठोड्याकडे पाहिलं. तिचे डोळे भरले.

"मांडल्यात, अप्पा. वरची पायरी तेवढी राहिलीय."

साडीचं त्यांनी स्वतःहून सांगितलं. पावनीने आपल्या ओढणीचा काठ कापला आणि राणीला नेसवला. राजाराणी जागेवर बसले. मग इरा डबा घेऊन आली आणि आलेल्या पाहुण्यांच्या हातावर कडबोळी ठेवू लागली.

"एकेकाला एकच," तिने बजावलं. "मोजून केलीत."

नात कुणाची ते विचारायला नको. रावांनी रुमाल काढला आणि आपलं कडबोळं जपून त्यात गुंडाळू लागले.

"आत्ताच खा ना, अज्जा," इरा म्हणाली. "ठेवून दिलं की मऊ पडतं."

राव थांबले. रुमाल बाजूला ठेवून त्यांनी ते तिथेच, तिच्यासमोर खाल्लं.