पिह्लाचे तीनशे अकरा

दालनात केक मांडलेला दिसला तेव्हाच हेल्का रूस्का काय ते समजली. कंपनीत चांगली बातमी नुसत्या कॉफीवर सांगायचे. केक आणला म्हणजे कुणाच्या तरी मुळावर आलेलं असायचं.

ग्राहक विभागाचा साहेब रीकू पांढरेशुभ्र बूट घालून पुढे आला आणि हसत हसत म्हणाला, "पिह्ला आपण बंद करत नाही आहोत. पिह्लाला आपण सन्मानाने विश्रांती देतो आहोत."

पिह्ला म्हणजे कंपनीच्या फोनांच्या आत चालणारी प्रणाली, कंपनीने स्वतः घडवलेली, तांबड्या फळांच्या एका झाडाचं नाव दिलेली. लेप्पासारीतलं निम्मं गाव तिच्यावर जगत होतं. आता पुढल्या वर्षीपासून निघणारे फोन समुद्रापलीकडून विकत आणलेल्या प्रणालीवर चालणार होते. बटणं नाहीत, नुसती सपाट काच. हेल्काच्या शेजारी उभा असलेला इंजिनियर पंधरा वर्षं पिह्लाच्या एकेका ओळीवर जीव टाकत आला होता, आणि आता तोच टाळ्या वाजवत होता. कुणीतरी हेल्काच्या हातात बशी दिली. केकच्या तुकड्यावर साखरेत कंपनीचं चिन्ह काढलेलं. तिला त्या साखरेची अशी शिसारी आली की बशी तशीच खिडकीत ठेवून ती आपल्या जागेवर जाऊन बसली.

हेल्का तेव्हा चौपन्न वर्षांची. नवरा कधीचाच ताम्पेरेला निघून गेलेला, मुलगी स्वीडनमध्ये. आयुष्यातली तेवीस वर्षं तिने याच इमारतीत काढली होती. आधी कारखान्यात फोनांना बटणं बसवायची, मग पाठ धरली तेव्हा तिला मदतीच्या फोनवर बसवलं. तोंडाची फटकळ, पण समोरच्याचं शेवटपर्यंत ऐकून घ्यायची. लोकांना ते आवडायचं.

दुसऱ्या दिवशी रीकूने सगळ्यांच्या टेबलावर एकेक कागद ठेवला. गिऱ्हाइकाने काय विचारलं तर काय सांगायचं, ते त्यावर छापलेलं. कुठल्याही प्रश्नाला उत्तर एकच होतं, फक्त शब्द फिरवलेले: काळजी करू नका, पुढचा काळ उत्साहाचा आहे.

त्याच आठवड्यात आर्मास कुक्कोलाचा फोन आला. हा माणूस चर्चमधले ऑर्गन सुरात लावायचा. जन्मापासून आंधळा, वय एकसष्ट, राहायचा जंगलाच्या कडेला एकटाच. पिह्लाच्या फोनात एक बोलकी सोय होती. कुठलं बटण दाबलं, कुणाचा फोन आला, निरोप काय आला, सगळं मोठ्याने वाचून दाखवायची. आर्मास ऑर्गनच्या पोटात, नळ्यांच्या मधोमध शिरून बसलेला असला तरी खिशातला फोन सांगायचा की पाद्रीबाई बोलावताहेत. चालू कामात फोनचं काही अडलं की तो हेल्काला फोन करायचा. आवाजावरून दोघं एकमेकांना सात वर्षं ओळखत होते.

"हेल्काबाई, मला गोल गोल नको," तो म्हणाला. "पिह्लाचे फोन इथे अजून मिळताहेत. दोन घेऊन ठेवू का? की तुमचा नवा फोनपण बोलणार आहे?"

हेल्काची नजर कागदावर गेली. मागून रीकू येरझारा घालत होता.

"काळजी करू नका," ती म्हणाली. "पुढच्या फोनांतही सगळी सोय असेल."

"म्हणजे बोलेल?"

"हो."

"मग बरं. उगाच कशाला साठा करायचा."

फोन ठेवल्यावर हेल्का पाणी प्यायली. तोंडाची कडू चव जाईना.

नवे फोन आले. सुंदर होते, हलके होते, आणि ठार मुके होते. आंधळ्या माणसाच्या हातात दिला तर काचेचा तुकडा दिल्यासारखंच. तोवर दुकानांतून पिह्लाचे फोन नाहीसे झाले होते. त्यावर आणखी एक गोष्ट हेल्काच्या कानावर आली. बोलकी सोय सुरू करायला प्रत्येक फोनाला एकदा कंपनीच्या सर्व्हरकडून परवानगी घ्यावी लागायची. फोन पुसून पहिल्यासारखा केला तर पुन्हा घ्यावी लागायची. तो सर्व्हर सप्टेंबरअखेर बंद होणार होता. त्यानंतर जो फोन पुसला जाईल किंवा नव्याने डब्यातून बाहेर निघेल, तो कायमचा मुका.

ती सरळ रीकूच्या खोलीत शिरली.

"ही सोय वापरणारे किती आहेत?"

"तीनशे अकरा," रीकू म्हणाला. आकडा त्याला तोंडपाठ होता, म्हणजे त्याने विचार केलेला होता. "हेल्का, तीनशे अकरा माणसांसाठी कुणी सर्व्हर चालवत नाही."

"त्यांना कळवलंय तरी का?"

"वेबसाइटवर टाकलंय ना."

"आंधळ्यांना वाचायला?"

रीकू हसला. त्याला तो विनोद वाटला होता. "तुझी कळकळ मला फार आवडते," तो म्हणाला, "पण ग्राहकांना आपण भीती घालायची नसते. त्यांच्या प्रवासात आपण सोबत असायचं."

हेल्काने त्याच्या पांढऱ्या बुटांकडे पाहिलं. या माणसाने कधी पाय चिखलात घातला नव्हता, आणि दुसऱ्यांना मात्र प्रवासाला धाडत होता. पण रीकूपेक्षा जास्त किळस तिला स्वतःची येत होती. "हो" हा शब्द तिच्याच तोंडून गेला होता.

ही सोय वापरणाऱ्यांच्या यादीतले नंबर तिने कागदावर उतरवून घेतले आणि तिसऱ्या दिवसापासून कंपनीच्याच फोनवरून, कंपनीच्याच वेळात, एकेकाला फोन करायला सुरुवात केली. "फोन पुसू नका. दुरुस्तीला देऊ नका. जुना एखादा मिळाला तर महिनाअखेरच्या आत सुरू करून घ्या." कुणी रडलं, कुणी तिलाच शिव्या घातल्या. एका म्हाताऱ्या बाईने सांगितलं, "माझे यजमान गेले गं वसंतात, त्यांचा फोन अजून उशाशी ठेवलाय." ऐंशीएक फोन झाल्यावर रीकूला पत्ता लागला. तिचं नाव कामावरून काढून टाकायच्या यादीत आधीच होतं. आता तिला त्याच दिवशी घरी जायला सांगितलं. उरलेले फोन तिने घरून केले.

आर्मासला तिने सगळ्यात शेवटी लावला. आधी धीर झाला नाही.

त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "माझा फोन गेल्या महिन्यात ऑर्गनवरून पडला. एक शब्द बोलतो, दोन गिळतो. तुम्ही मला गेल्या वर्षी काय सांगितलं होतं, बाई?"

"खोटं सांगितलं होतं."

"माहीत असून?"

"माहीत नव्हतं. माहीत करून घेतलं नाही."

त्याने फोन ठेवून दिला.

सप्टेंबरच्या शेवटच्या शनिवारी तुर्कूत पिह्लाप्रेमींचा मेळावा भरला. हेल्का गेली. सॉना असलेला हॉल भाड्याने घेतलेला, भिंतींवर पिह्लाची तांबड्या फळांची चित्रं, चाळीसेक पुरुष बिअर पीत बसलेले. एकाने दंडावर ते चित्र गोंदवून घेतलं होतं. पिह्लाला आता कोण विकत घेईल, कोरियातली कंपनी घेईल की चिनी, नवा फोन कधी येईल, यावर तावातावाने चर्चा चाललेली. एकजण बोलता बोलता रडला. आणि लांबलचक टेबलावर त्यांनी आपापले संग्रह मांडलेले: पिह्लाचे फोन, डबाबंद, कारखान्याचं सील न तुटलेले. हेल्काने मोजले, सव्वीस होते.

तिने सगळ्यांना थांबवून आपलं म्हणणं सांगितलं. सर्व्हर सोमवारी बंद होतो. आज हे फोन उघडून सुरू केले तर बोलते राहतील. आंधळ्या माणसांना हवे आहेत.

एकदोघांनी आपापले डबे जवळ ओढले. मग वेसा नावाचा मेळाव्याचा म्होरक्या घसा खाकरून म्हणाला, "तुमची भावना समजते हो. पण सील तुटलं की त्यात काय राहिलं? हा वारसा आहे. म्युझियममध्ये जायच्या वस्तू आहेत या."

"फोन आहे तो. बोलायला केलाय."

"मी यांच्यावर माझ्या बायकोपेक्षा जास्त प्रेम केलंय," वेसा म्हणाला, आणि सगळे हसले.

हेल्काने त्यांच्याकडे पाहिलं. बिअरचा वास, त्या घामेजल्या कपाळांवरची भक्ती, रडणाऱ्याच्या मिशीला लागलेला फेस. कंपनीतल्या लोकांना पिह्ला नको होती. यांना हवी होती, पण डब्यात, मेलेली, न वापरलेली. दोघांनाही आर्मास कुक्कोला नको होता.

तिने वेसाचा समोरचा डबा उचलला आणि अंगठ्याच्या नखाने सील उभं फाडलं.

"अहो बाई!" वेसा किंचाळला. "सील होतं ते!"

"आता नाही," हेल्का म्हणाली आणि बॅटरी बसवायला लागली. कारखान्यातला सरावाचा हात, डोळे मिटूनही बसली असती. वेसा धावून आला, पण टेबलाच्या टोकाला बसलेला, आत्तापर्यंत काहीच न बोललेला एक टकला बसड्रायव्हर मध्ये उभा राहिला. "राहू दे रे," तो म्हणाला. "माझे पण दोन घ्या, बाई. चार्जर देऊ का?" त्यानंतर आणखी दोघांनी मान खाली घालून आपले डबे पुढे सरकवले. बाकीच्यांनी भराभर आपले डबे पिशव्यांत भरले. काहींनी तर कोटाखाली धरून नेले, जणू कुणी चोर आला होता.

संध्याकाळपर्यंत सात फोन बोलायला लागले. वेसाने पोलिसांत जायची धमकी दिली, हेल्काने त्याला आपला पत्ता लिहून दिला. तो कधी आला नाही. पिह्लाप्रेमींच्या वेबसाइटवर मात्र महिनाभर तिला डाकीण म्हणत होते.

पाच फोन तिने यादीतल्या ज्यांचं सगळ्यात जास्त अडलं होतं त्यांना पाठवले. दोन घेऊन ती स्वतः आर्मासच्या घरी गेली. दारात त्याने हात पुढे केला नाही. आत नेऊन कॉफी दिली, वेलदोड्याचा पाव पुढे ठेवला, आणि फोन हातात घेऊन एकेक बटण दाबून आवाज ऐकत राहिला.

"हे दोन गेले की मग?"

"मग माहीत नाही. जुने टॉवरच काढून टाकणार म्हणतात, पाच वर्षांनी की दहा."

"ठीक," तो म्हणाला. "आता नंबर भरू या. मी सांगतो, तुम्ही टाका." त्याने पाठ असलेले शंभरावर नंबर एकामागून एक सांगितले, चर्चं, पाद्री, नळ्या घडवणारा लोहार, बहीण. प्रत्येक नाव फोन वाकड्या उच्चारात म्हणून दाखवत होता. हेल्काने घरून फोन केला तेव्हा तिचा नंबर त्याने ऐकला होता, पण तो त्याने सांगितला नाही, आणि तिनेही आपणहून घातला नाही.

पुढे तिला गावच्या शाळेच्या भटारखान्यात काम मिळालं. दोन वर्षांनी एका दुपारी ती बटाटे सोलत असताना अनोळखी नंबरावरून फोन आला.

"कुक्कोला बोलतोय. पहिला फोन बंद पडलाय, दुसरा काढलाय. त्यात नंबर भरायचे आहेत. रविवारी जमेल का?"

"जमेल," हेल्का म्हणाली.

"पाव तुम्ही आणा. माझा मागच्या वेळी करपला होता," तो म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.