खाल्लेला गूळ

दुष्काळात आमच्या सोसायटीच्या चेअरमनने गावाला फसवलं. जनावरांच्या छावणीसाठी आलेला हिरवा चारा त्याने स्वतःच्या गोठ्याकडे वळवला आणि आमच्या जनावरांपुढे बुरशी धरलेलं उसाचं पाचट टाकलं.

ते खाऊन शेजारणीची गाय मेली. ती आणि तिचा नवरा ऊसतोडीला गेले होते. जाताना गाय माझ्या भरवशावर ठेवली होती. मी बैलबाजारातला दलाल. दुसऱ्यांची शेणं काढत या धंद्यात उभा राहिलो. दलालाकडे ठेवलेली गाय मेली म्हटल्यावर लोक काय समजणार? विकली असेल.

मी वर तक्रार केली. चौकशीला आलेला साहेब तरुण होता. म्हणाला, "केस वर्षानुवर्षं रेंगाळेल. त्यापेक्षा समोरासमोर बसू. ज्याचं नुकसान झालं तो बोलेल, ज्याने केलं तो कबूल करेल आणि भरून देईल." मला पटलं. मला एवढंच हवं होतं, की त्याने चारचौघांत म्हणावं, गाय माझ्यामुळे मेली.

गोदामापुढे बैठक भरली. मी तोंड सोडलं, बाकीचेही बोलले. चेअरमन मान खाली घालून म्हणाला, "एक कालवड देतो." लगेच त्याच्या चुलत्याने गुळाचं ताट फिरवलं आणि मला म्हणाला, "घ्या आबा, लई तापलात. तोंड गोड करा."

सौदा ठरला की गूळ खायचा आणि गूळ खाल्ला की मागचं उकरायचं नाही, ही आमच्याकडची रीत. कालवड चांगल्या जातीची होती. माझा हात सवयीने ताटात गेला. कबुलीचा शब्द आलाच नाही, हे खडा विरघळल्यावर ध्यानात आलं.

"आता बोल की बे!" मी ओरडलो.

चेअरमन हसला. "मग गूळ कावून खाल्ला?"

साहेबाने 'समेट झाला' असं लिहून घेतलं आणि जीप गेली.

शेजारीण परतली आणि कालवड म्हणजे उपकार समजून चेअरमनच्या पाया पडली. मला म्हणाली, "दलालाच्या हवाली गाय केली, आमचीच चूक हाय." खरं सगळ्या गावाला ठाऊक, पण गूळ सगळ्यांनीच खाल्लेला. मीही गप्प बसलो.

आता बसणार नाही. रीत मोडल्याचा दोष माझ्या माथी येऊ द्या. पण चेअरमनसाहेब, तुम्ही तिच्या दारात या आणि तिची गाय कशाने मेली, ते तिला तुमच्या तोंडाने सांगा.