भुऱ्या आणि सातवी विहीर

मी देवाशी फार बोलणारी बाई नाही. माझी भक्ती नेमाची होती. गुरुवारी आंघोळ करून दत्ताची तसबीर पुसायची, हार घालायचा, तसबिरीतल्या चारही कुत्र्यांना गंधाचे ठिपके लावायचे, आरती म्हणायची आणि चुलीकडे वळायचं. देव ऐकतो की नाही, हा प्रश्न मी कधी विचारला नाही. खरं सांगायचं तर तो ऐकत नसावा असंच मला वाटे. लग्नानंतर तीन वर्षांत दोन मुलं गेली होती. तिसरी सुमन तेवढी राहिली. त्यानंतरही मी गुरुवार सोडला नाही, पण काही मागणंही सोडून दिलं होतं. पुढे जे लिहिते आहे ते त्या काळातलं आहे. त्याला मी काय नाव देऊ ते आजही कळत नाही. घडलं तसं सांगते.

आम्ही तेव्हा खापरखेड्याच्या वसाहतीत राहत होतो. यजमान वीजघरात पाळीच्या कामावर होते. त्या वसाहतीत सगळ्यावर वीजघराच्या धुराड्यातली राख बसे. वाळत घातलेल्या धुण्यावर, वड्यांवर, तुळशीच्या पानांवर, माणसांच्या भुवयांवर. सुमन पहिलीत गेली त्या वर्षी तिच्यामागे शाळेपासून एक पिल्लू चालत आलं. राखेच्याच रंगाचं होतं, म्हणून तिने त्याचं नाव भुऱ्या ठेवलं. आठ दिवसांनी मी वैतागून त्याला बंबातल्या उरलेल्या पाण्याने धुतलं तर कुत्रं निघालं चक्क पांढरं, कानाला तांबूस. शेजारच्या गिरजाबाई कुंपणावरून म्हणाल्या, "हे काय वं, कुत्रं बदलून आणलं का काय?" नाव मात्र भुऱ्याच राहिलं. दोन दिवसांत तो पुन्हा नावाप्रमाणे झाला.

त्याआधी आमच्या माहेरी किंवा सासरी कुत्रं पाळलेलं नव्हतं. मला त्याची हौस नव्हती. घरात सोवळं होतं, म्हणून मी त्याला दाराची पायरी ही हद्द घालून दिली. एकदा झाडू दाखवला, दुसऱ्यांदा मारला. तिसऱ्यांदा गरज पडली नाही. तो पायरीखाली बसे आणि हनुवटी तेवढी पायरीवर टेकवे. गुरुवारी मी आत तसबिरीतल्या कुत्र्यांना गंध लावत असे आणि हा बाहेरून माझ्याकडे बघत असे. त्यात काही विसंगत आहे असं मला तेव्हा वाटलं नाही. सुमन त्याला हाताने भाकरी भरवी. मी ओरडत असे, ती भरवीत असे. दोन वर्षं अशी गेली.

दिवाळी होऊन गेली होती. यजमान धानाच्या कापणीसाठी पारशिवनीला वडिलांकडे गेले होते. मंगळवारी भुऱ्याने भाकरी खाल्ली नाही. बुधवारी दुपारी पाहते तर तोंड अर्धवट उघडं, खालचा जबडा लोंबतो आहे, लाळ गळते आहे, आणि घशात काही अडकल्यासारखा आवाज येतो आहे. आदल्या दिवशी गिरजाबाईंकडे मटण होतं. मी लगेच निदान केलं, हाड अडकलं. मला प्रत्येक गोष्टीचं निदान लगेच येत असे. मी पायरी उतरले, त्याचं डोकं दोन गुडघ्यांत धरलं आणि दोन्ही हातांनी जबडा फाकवला. बोटं घालून पाहिली, पण माझी मूठ आत जाईना. तेव्हा मी सुमनला हाक मारली आणि म्हटलं, तुझा हात लहान आहे, तू घाल.

हे वाक्य मी कुणाजवळ फारसं बोललेले नाही. यजमानांनाही मी पुष्कळ दिवस सांगितलं नव्हतं. पोरीने मनगटापर्यंत हात घातला. भुऱ्या थरथरत होता, पण हलला नाही. आमच्या हातांत तोंड उघडं टाकून तो नुसता बघत राहिला. हाड नव्हतं. हात बाहेर काढताना मनगटावर दाताचा ओरखडा उमटला, बोरीचा काटा लागावा एवढा. मी हळद लावली आणि कामाला लागले. भुऱ्या उठला आणि कुंपणाखालून बाहेर गेला.

गुरुवारी सकाळी मी तसबीर पुसत होते. अंगणातून सुमनची हाक आली, "आई, भुऱ्या आला!" मी दारात आले. तो कुंपणाच्या आत उभा होता. लाळेची तार जमिनीपर्यंत लोंबत होती, आणि मागचे पाय त्याचे नसल्यासारखे डुलत होते. सुमन भाकरी घेऊन त्याच्याकडे निघाली. दोन वर्षांत या कुत्र्याने तिचा हात कधी नाकारला नव्हता. तो मागे सरकला. ती पुढे गेली, तो आणखी सरकला. असं करत कुंपणाच्या तारेपर्यंत गेला, तिच्याखालून कसाबसा बाहेर पडला आणि नाल्याच्या दिशेने झोकांड्या खात चालू लागला. एकदाही वळला नाही. पुढे डॉक्टर म्हणाले, असं जनावर एकान्त शोधतं. असेल. मी फक्त पाहिलं तेवढं लिहिते. तो तिच्यापासून लांब गेला.

गिरजाबाई कुंपणापाशी उभ्या होत्या. त्यांचा चेहरा उतरला होता. "हा पिसाळला वं," त्या म्हणाल्या. मग सुमनचं मनगट पाहून त्यांनी कपाळाला हात लावला. मी दवाखान्याचं नाव काढलं तशा त्या अंगावर आल्या. "नागपूरले काहून नेतं? चवदा सुया टोचते पोटात. एवढीशी पोर, जीव जाईन तिचा. सात विहिरी दाखव. सूर्य बुडायच्या आत सात विहिरीत तोंड पाह्यलं का ईष पाण्यात उतरते. फक्त मांगं वळून पाहू नोको देऊ."

मी मॅट्रिक झालेली बाई. वसाहतीतल्या बायकांची मनिऑर्डर मी लिहून देत असे. पण त्या सकाळी मला चौदा सुयांपेक्षा सात विहिरी पटल्या. विहिरी जवळ होत्या, यजमान घरी नव्हते, वार दत्ताचा होता. आणि आदल्या दिवशीचं कुणाला सांगावं लागणार नव्हतं. दवाखान्यात गेले असते तर डॉक्टरांनी पहिलं हेच विचारलं असतं की मुलीचा हात कुत्र्याच्या तोंडात गेला कसा. मी हार अर्धा टाकला, सुमनचा हात धरला आणि निघाले.

आम्ही सहा विहिरी केल्या. दोन वसाहतीच्या मागच्या, एक वीटभट्टीची, तीन शेतातल्या. प्रत्येक काठावर मी तिला कमरेला धरून वाकवत असे. खाली पाण्यात तिचं तोंड दिसे आणि त्यामागे माझं. ती म्हणे, "दिसलं." मी पुढे निघे. चौथ्या विहिरीनंतर माझी भीती उतरू लागली. सहावीनंतर तर मी संध्याकाळच्या भाजीचा विचार करत होते. त्या हलकेपणाची मला आज सगळ्यात जास्त भीती वाटते.

सातवी विहीर पुढच्या गावाच्या तोंडाशी होती, सडकेला लागून. तिथे पोचेपर्यंत दुपार कलली होती. एक म्हातारी पाणी शेंदत होती. हातापायांच्या काड्या, लुगडं गुडघ्यापर्यंत ओलं. तिने सुमनच्या मनगटावरची हळद पाहिली.

"कायले दाखवून राह्यली वं पोरीले विहीर?"

"कुत्र्याचा दात लागला."

"कितवी हे?"

"सातवी."

तिने दोर सोडून दिला. बादली खाली पाण्यावर आपटल्याचा आवाज आला. मग दोन्ही हात पसरून ती आमच्या आणि विहिरीच्या मध्ये उभी राहिली. "माह्या पोरीलेही सातवी हेच होती," ती म्हणाली. "तिचंही तोंड चांगलं दिसलं होतं पाण्यात. मीनंच पाह्यलं."

मला राग आला. भल्या दिवशी भलतं बोलणारी ही कोण? मी म्हटलं, "बाई, तोंड सांभाळून बोला. लेकरू ऐकतं आहे."

"आयकू दे. तूही आयक. दीड महिना पोर खेळली, हासली. मंग एक दिवस पाण्याचा गडवा पाह्यला अन् किंचाळली. चार दिवसांत गेली. घोटभर पाणी नाही गेलं पोटात." एवढं बोलून तिने काही कळायच्या आत सुमनचे दोन्ही खांदे धरले आणि तिला गर्रकन मागे फिरवलं. "पाह्य मांगं! पाह्य! मोडला तुह्या मायचा नेम. आता दे शिव्या मले, अन् ने दवाखान्यात."

मी शिव्या दिल्याही. हात उगारला. पण नेम मोडला होता, आणि सूर्य बुडायच्या आत पुन्हा सात विहिरी होणार नव्हत्या. माझ्याकडे दुसरं काही उरलंच नाही. सडकेवरून नागपूरची एसटी येताना दिसली. म्हातारीने पदर हलवून ती थांबवली. आम्ही घरच्या लुगड्यात आणि घरच्या फ्रॉकमध्ये, हातात पिशवीसुद्धा नसताना चढलो. कंडक्टर तिकिटाला आला तेव्हा पदराच्या गाठीला नारळासाठी बांधलेले पैसे कामाला आले.

मोठ्या दवाखान्यात डॉक्टरांनी कुत्रं कुठे आहे ते विचारलं. दहा दिवस जिवंत राहिलं तर भीती नाही, पण सापडत नसेल तर आजच सुरू करायचं. मग त्यांनी अपेक्षेप्रमाणे तो प्रश्न विचारला आणि मी उत्तर दिलं. ते रागावले नाहीत. फक्त माझे हात उलटे करून पाहिले. विळीने कापलेलं बोट होतं. म्हणाले, तुम्हालाही सुया घ्याव्या लागतील.

चौदा दिवस आम्ही नागपुरातच, इतवारीत माझ्या बहिणीकडे राहिलो आणि रोज सकाळी रांगेत उभ्या राहिलो. पहिली सुई मी घ्यायची, मग सुमनने. तिने रडू नये म्हणून मी तोंड घट्ट मिटून घेत असे. पाचव्या दिवशी पोटाला हात लावता येईना. त्या दवाखान्यात एक माणूस होता, उशिरा आणलेला. त्याला पलीकडच्या खोलीत ठेवलं होतं. आतून पाणी नको, पाणी नको असं ऐकू येई. सहाव्या दिवशी आवाज आला नाही. सुमनने विचारलं, "बरा झाला का तो?" मी हो म्हटलं.

यजमान निरोप मिळताच आले. त्यांना भुऱ्या वीजघराची राख सोडतात त्या तळ्याच्या काठाला मेलेला सापडला. तिथल्या मजुरांनी सांगितलं की तो दोन दिवस पाण्यात तोंड घालून उभा राही, पण पाणी पिता येत नसे. यजमानांनी खड्डा खणून त्याला पुरलं. घरी आल्यावर मी पायरी धुतली. हनुवटी टेकून टेकून कडेला एक तेलकट डाग पडला होता. तो घासून निघाला नाही, आणि मीही मग जास्त घासला नाही.

चैत्रात मी सुमनला घेऊन, खण-नारळ बांधून त्या विहिरीवर गेले. अशा गोष्टींत ती व्यक्ती पुन्हा कुणाला दिसत नाही, असं मी ऐकून होते. ही दिसली. तिथेच पाणी शेंदत होती, तेच लुगडं. तिने मला ओळखलं नाही. सुमनकडे मात्र बराच वेळ पाहिलं. मी आठवण करून दिली, पाया पडले.

"जो येईन त्याले मी सांगतो," ती म्हणाली. "घरापाशी विहीर आहे माह्या, तरी पाण्याले इथंच येतो. आयकत कोणी नाही. मारतात मले. तूच पह्यली परत आली." खण तिने घेतला. नारळ मात्र तिथेच दगडावर फोडला आणि अर्धी वाटी सुमनच्या हातात दिली. मग विहिरीच्या काठावरून बाजूला झाली आणि म्हणाली, "आता पाह्य, बाई. आता काही नाही त्यात." सुमन काठावर वाकली. मी तिला धरलं नाही.

ती म्हातारी देवाने पाठवली का? माझं मत विचारलं तर मी एवढंच सांगेन की तिची पोर मेली म्हणून माझी वाचली, आणि यासाठी देवाचे आभार मानताना माझी मान वर होत नाही. तरी मी मानते, रोज मानते. आधी मला वाटे, नेम पाळला की शरण जाणं झालं. त्या चौदा सकाळी पोट उघडं टाकून पडले असताना मला बुधवारचा भुऱ्या आठवे. त्याचा घसा आमच्या हातांत होता, दुखत होतं, आणि ज्या हातांनी त्याला झाडू मारला होता त्याच हातांवर त्याने स्वतःला सोपवलं होतं. मला तेवढं कधी जमलं नव्हतं. सुई टोचली जात असताना पहिल्यांदा मी काही न मागता, काही न ठरवता म्हटलं, महाराज, आता तुमच्या हाती.

सुमन आता दोन मुलांची आई आहे. मनगटावरचा ओरखडा शोधावा लागतो. गुरुवारचा नेम चालू आहे, फक्त क्रम बदलला. पहिली भाकरी मी दारातल्या कुत्र्याला घालते, कुणाचं का असेना, पायरीच्या आत बोलावून. तसबिरीतल्या चौघांना गंध त्यानंतर.