पुढे पाठवलेला मेल

फुलंब्रीत तहसीलसमोरच्या गल्लीत माझं ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. रोज सकाळी संभाजीनगरहून एसटीनं जाते, संध्याकाळी परत. फॉर्म भरायला येणाऱ्या बऱ्याच जणांचा स्वतःचा ईमेल नसतो. सुरुवातीला मी सगळ्यांसाठी माझाच पत्ता टाकायची. मग कुणाचं काय आलं हे शोधण्यातच दुपार जायला लागली.

शेवटी एक सोय केली. माझ्या ईमेलमध्ये नावापुढं अधिकचं चिन्ह टाकून काहीही लिहिलं, तरी मेल माझ्याकडंच येतो. म्हणून प्रत्येकाला एक वेगळी खूण दिली आणि त्या खुणेचा मेल त्याच्याच फोल्डरमध्ये जावा असा नियम लावला. ज्यांच्या घरी कुणाचा तरी ईमेल होता, त्यांचा मेल परस्पर तिकडं पाठवायचा, माझ्या इनबॉक्समध्ये दाखवायचाच नाही, असाही एक नियम केला. इनबॉक्स मोकळा झाला तेव्हा मला लई बरं वाटलं.

जवळच्या वाडीवरच्या एका काकूंनी शहरात मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाकिणीच्या जागेसाठी अर्ज केला होता. त्यांचे दीर बजाजनगरला राहायचे, कंपनीत होते. घरात ईमेल तेवढा त्यांचाच. त्यांना फोन करून विचारलं आणि काकूंचा मेल तिकडं वळवला. त्यानंतर काकू आठवडी बाजाराला आल्या की दारातूनच विचारायच्या, “ताई, आलं का वो काही?”

मी इनबॉक्स बघायची. “नाय काकू, अजून काहीच नाय.”

असे तीन बाजार झाले. चौथ्या वेळी काकू आत येऊन बसल्या. म्हणाल्या, “शेजारच्या गावातल्या बाईला कागदं तपासायला बोलावलंय म्हणं. तिचा अन् माझा फॉर्म एकाच दिवशी भरला होता.”

तेव्हा कुठं माझ्या ध्यानात आलं, काकूंचा मेल माझ्या इनबॉक्समध्ये दिसतच नव्हता. काकूंची खूण टाकून सगळा मेल शोधला. पत्र नऊ दिवसांपूर्वीच येऊन दिरांकडं गेलं होतं. कागदपत्रांसाठी परवाची तारीख दिली होती.

मी वाचून दाखवलं. काकूंनी तारीख पुन्हा एकदा वाचायला लावली. मग हळू आवाजात म्हणाल्या, “भावजींनीच दाबून ठिवलं. मी शहरात नोकरीला जावं हे त्यांच्या मनातच नव्हतं.”

मी तिथंच दिरांना फोन लावला, स्पीकर चालू ठेवून.

“कुठला मेल?” ते म्हणाले. “माझा मोबाइल पाण्यात पडला मागच्या महिन्यात. नव्यात ते मेलचं उघडतच नाय, पासवर्ड आठवत नाय.” जरा थांबून म्हणाले, “वहिनी हायेत का तिथं? वहिनी, परवा किती वाजता जायचंय? मी सुट्टी टाकतो, स्टँडवर येतो.”

काकूंनी पदरानं तोंड पुसलं. “दहाला बोलावलंय,” एवढंच बोलल्या.

फोन ठेवल्यावर मी म्हटलं, “काकू, चूक माझी आहे. त्यांची नाही.”

“तुम्ही तर दर वेळी बघत होत्या की.”

“जिथं दिसणारच नव्हतं, तिथं बघत होते.”

त्यांनी पिशवी उचलली. जाताना नेहमीसारखं “येते ताई” म्हणाल्या नाहीत, ते मला लागलं.

त्या दुपारी दुकानाचं दार अर्धं ओढून घेतलं आणि एकेक नियम उघडून बदलला. मेल पुढं गेला तरी माझ्या इनबॉक्समध्ये राहील, असं केलं. आधीच्या महिन्यांत वळवलेले मेलही एकेक करून तपासले. आणखी दोघांना फोन करावे लागले. त्यांच्या तारखा अजून लांब होत्या.

काकूंची निवड झाली. ही बातमी त्यांच्या दिरांनीच फोन करून सांगितली. रुजू होण्याआधी काकू दुकानात आल्या, नवा मोबाइल माझ्यापुढं ठेवला आणि म्हणाल्या, “माझा स्वतःचा काढून द्या. अन् कसा उघडायचा तेपण शिकवा.” शिकायला त्यांना दोन तास लागले. पासवर्ड टाकताना मात्र त्यांनी मला पाठ फिरवून बसायला लावलं.